पोटातले पाय

मुलगी शनिवारी रात्री पुण्याहून आली आणि रविवारी सकाळी मेथी निवडता निवडता म्हणाली, "आई, आजी हल्ली किती पॅसिव्ह अ‍ॅग्रेसिव्ह झालीय गं."

मी हातातली जुडी खाली ठेवली. साताऱ्यात सत्तावीस वर्षं ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवते आहे. समोरच्यानं शब्द वापरला की तो बरोबर वापरलाय का हे आधी डोक्यात येतं, त्याला काय सांगायचंय ते मागाहून. वाईट खोड आहे, पण आता जायची नाही.

"काय केलं त्यांनी?"

"काल आल्या आल्या मी हाक मारली, तर बघितलंसुद्धा नाही. जेवताना विचारलं, आजी, भाकरी वाढू का? नुसती ताटाकडं बघत बसली. झोपायला जाताना दोनदा 'येते गं आजी' म्हटलं. ढिम्म. मागच्या खेपेला मी लग्नाच्या विषयावरून तिला उलट बोलले होते ना, त्याचा राग काढतीय."

"आणि पॅसिव्ह अ‍ॅग्रेसिव्ह म्हणजे काय?"

"हेच की! न बोलता टोमणे मारणं."

न बोलता टोमणा? टोमण्याला तोंड लागतं. आणि माझ्या सासूबाईंना ते देवानं भरपूर दिलेलं आहे.

सासूबाई आता ब्याऐंशीच्या. माहेर कोरेगाव तालुक्यातलं, भाषा तिकडचीच, रोखठोक. माझ्या लग्नानंतरचा पहिला पावसाळा आठवतो. समर्थ मंदिराकडच्या आमच्या जुन्या घरात दुपारचा चहा मी जरा निववून दिला असेन. कप ओठाला लावून त्या म्हणाल्या, "आमच्यात च्या गरम पित्यात, बाई. तुमच्यात काय रीत असंल ती असंल." हा टोमणा. यात आडपडदा कुठला? बाण कुणी मारला, कुणाला लागला, कशासाठी मारला, सगळं उघड. मी रात्री उशीत तोंड खुपसून रडले, पण मला काय लागलंय याबद्दल माझ्या मनात कसलाही गोंधळ नव्हता.

मराठीत या बारीकसारीक माऱ्याची केवढी प्रतवारी आहे! खोचक बोलणं वेगळं, खवचट वेगळं, कुजकट त्याहून वेगळं. खोचक माणूस एकदा टोचतो आणि पुढं जातो. खवचट माणसाला टोचण्यात मजा येते. कुजकट माणसाच्या आत काहीतरी बरेच दिवस पडून राहिलेलं असतं, त्याचा वास बोलण्याला लागतो. डाफरणं आणि खेकसणं यात आवाजाचा फरक आहे, वसकन अंगावर येण्यात अंतराचा. फणकारा मान उडवल्याशिवाय होत नाही. आदळआपटीला भांडी लागतात. शालजोडीतला मारायचा तर मारणारा सभ्य हवा आणि खाणाऱ्याला तो कळण्याइतकी अक्कल हवी, नाहीतर शाल आणि जोडा दोन्ही फुकट. लेकी बोले सुने लागे याला तर किमान तीन माणसं लागतात. आमच्या घरी लेक, म्हणजे माझी नणंद, लग्न होऊन कऱ्हाडला गेली, तेव्हा सासूबाईंची पंचाईत झाली होती. काही दिवस त्या मांजराला बोलत होत्या.

आणि हे सगळं माझी मुलगी एका इंग्रजी पिशवीत कोंबून मोकळी झाली.

तिला एकटीला दोष देत नाही. वर्गातही हेच बघते. मागं एकदा फळ्यावर पॅसिव्ह अ‍ॅग्रेसिव्ह लिहून अर्थ विचारला. पहिल्या बाकावरचा एकजण म्हणाला, "कमी अ‍ॅग्रेसिव्ह." म्हणजे मिरची आहे, पण बेताची. दुसरीनं सांगितलं, "कधी गप्प, कधी भडकणारा." अमावस्या-पौर्णिमेसारखं. मागून कुणीतरी "घुम्या!" म्हणालं आणि वर्ग हसला. घुमा जवळपास पोचतो खरा, पण घुम्याच्या मनात राग असतोच असं नाही. पुष्कळदा तो बिचारा नुसताच घुमा असतो. शब्दकोशांच्या वाटेनं कुणी 'निष्क्रिय-आक्रमक' असं भाषांतर केलंय. ते ऐकलं की मला बॉम्बशोधक पथकानं निकामी करून ठेवलेला बॉम्ब दिसतो. पॅसिव्ह अ‍ॅग्रेसिव्ह माणूस निकामी नसतो हो. तो व्यवस्थित फुटतो, फक्त आवाज येत नाही.

या जोडशब्दाची जन्मकथा मला आवडते, कारण तिच्यात एक फार ओळखीचं माणूस आहे. १९४५ साल, दुसरं महायुद्ध संपलेलं. अमेरिकी लष्करातल्या मनोविकारतज्ज्ञांपुढं, विल्यम मेनिंजर हे त्यांचे प्रमुख, एक अडचण होती. काही सैनिक हुकूम मोडत नव्हते. उलट बोलत नव्हते, पळून जात नव्हते. तसं केलं असतं तर कोर्ट मार्शल करून विषय मिटला असता. हे लोक 'यस सर' म्हणत आणि मग तोंड फुगवून बसत, कामाला उशीर लावत, केलं तर असं करत की दुसऱ्याला परत करावं लागावं. लष्कराच्या एका वैद्यकीय पत्रकात या वागण्याला पॅसिव्ह अ‍ॅग्रेसिव्ह म्हटलं गेलं. १९५२ मध्ये अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशननं मनोविकारांच्या आपल्या सूचीची पहिली आवृत्ती काढली, तिच्यात हा व्यक्तिमत्त्वाचा एक विकार म्हणून आला. पुढं तज्ज्ञांनाच शंका येऊ लागली. वरचढ माणसापुढं अडकलेला कुणीही असं वागू शकतो, मग याला विकार म्हणायचं की वागण्याची एक तऱ्हा? १९९४ च्या चौथ्या आवृत्तीत त्याची रवानगी परिशिष्टात झाली आणि २०१३ च्या पाचव्या आवृत्तीतून तो विकार म्हणून गेलाच. तेव्हा 'ती पॅसिव्ह अ‍ॅग्रेसिव्ह आहे' असं रोगाचं निदान केल्यासारखं म्हणण्यापेक्षा 'तिचं हे वागणं पॅसिव्ह अ‍ॅग्रेसिव्ह आहे' म्हणावं, हे मी वर्गात सांगते. वही काढून लिहून घेतात. वापरतात मात्र पहिल्यासारखंच.

सैनिक ध्यानात ठेवला की अर्थ चुकत नाही. त्याच्याकडं तीन गोष्टी आहेत. राग आहे. तो बोलून दाखवायची सोय नाही. आणि तोंडात 'हो' आहे. हा 'हो' फार महत्त्वाचा. तो नसेल तर मग नुसता आळस, नुसता हट्ट, नुसता अबोला. लहान मुलं कट्टी करतात, ती तर रीतसर जाहीर केलेली लढाई. रुसवाही जाहीर असतो. रुसणाऱ्याची अट एवढीच की तुम्ही तो बघायला हवा. पॅसिव्ह अ‍ॅग्रेसिव्ह माणसाला विचारलंत, "रागावलास का?" तर तो म्हणतो, "छे, कशाला?" आणि तुम्हालाच वाटतं, आपणच जरा संशयी झालोय.

याच कारणासाठी पॅसिव्ह रेझिस्टन्सशीही त्याची गल्लत करू नये. दक्षिण आफ्रिकेत गांधीजींना आपल्या लढ्यासाठी हा पॅसिव्ह शब्दच खटकला होता. दुबळ्यांचं हत्यार असा वास त्याला येतो म्हणून त्यांनी 'इंडियन ओपिनियन'मधून नवा शब्द मागवला. मगनलाल गांधींनी 'सदाग्रह' सुचवला आणि त्याचा सत्याग्रह झाला. सत्याग्रही आधी कळवतो, अमुक दिवशी तमुक कायदा मोडणार आहे, या धरायला. आमच्या जिल्ह्याचं तर बोलायलाच नको. १९४२ च्या चळवळीनंतर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारला इथल्या लोकांनी 'पत्री सरकार' म्हणून टाकलं, फितुरांच्या तळपायांना पत्री ठोकतात या बोलवेवरून. त्यात पॅसिव्ह काही नव्हतं.

एवढं सगळं मी मुलीला सांगितलं. मेथी निवडून संपली. ती वैतागली. "बरं, पॅसिव्ह अ‍ॅग्रेसिव्ह नको. मायक्रोअ‍ॅग्रेशन म्हण."

"तेही नाही."

तो तर अगदीच वेगळ्या घरातला शब्द. हार्वर्डमधले कृष्णवर्णीय मनोविकारतज्ज्ञ चेस्टर पिअर्स यांनी तो १९७० मध्ये घडवला. गोऱ्यांकडून काळ्यांना रोज, येता-जाता, बहुधा नकळत मिळणाऱ्या बारीक अपमानांसाठी. पुढं २००७ मध्ये मानसशास्त्रज्ञ डेराल्ड विंग स्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे प्रकार पाडले आणि शब्द जगभर गेला. यातल्या 'मायक्रो'नंही लोक फसतात. बारीक आहे तो प्रसंग. लागणं बारीक नाही, कारण तोच खडा रोज त्याच जागी टोचतो. आणि इथं बोलणाऱ्याच्या मनात राग असायचीही गरज नाही. तो बहुतेक वेळा कौतुक करत असतो.

मला हे कळायला पुस्तक लागलं नाही. पुण्यात एका प्रशिक्षणाला गेले होते, पंधराएक वर्षं झाली. जेवणाच्या सुट्टीत एक बाई माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "साताऱ्याच्या असून किती शुद्ध बोलता हो तुम्ही!" त्यांच्या चेहऱ्यावर खरोखर आनंद होता. मी "थँक यू" म्हटलं. स्वारगेटवरून येस्टी पकडली आणि खंबाटकीचा घाट संपेपर्यंत त्या 'असून'वर अडकून पडले होते. बाईंना बोलू तरी काय? त्यांनी स्तुती केली होती. त्याहून त्रासाची गोष्ट अशी, की पुढच्याच महिन्यात मी वर्गातल्या एका मुलीला म्हटलं, "घरी कुणी शिकलेलं नसून निबंध छान लिहिलास गं." तिनंही "थँक यू मॅडम" म्हटलं. तिचा 'नसून' कुठल्या घाटापर्यंत गेला असेल, देव जाणे.

मुलगी म्हणाली, "आई, मी साधं सांगत होते की आजी माझ्याशी बोलत नाहीय."

बरोबर होतं तिचं. आणि एवढा वेळ मी इंग्रजीचा तास का घेत बसले होते, तेही मला ठाऊक होतं.

माझ्या पर्समध्ये, चाव्यांच्या कप्प्यात, सासूबाईंचं कानाचं यंत्र होतं. तेवीस दिवस.

झालं होतं असं. यंत्र शिट्टी मारायला लागलं. त्याची नळी काही महिन्यांनी कडक होते, आत मळ साठतो, आपल्याकडच्या पावसात ओल धरतं. कानातलं बोंडूक नीट बसलं नाही की आवाज बाहेर येऊन परत आत जातो आणि शिट्टी वाजते. मोठी बाब नाही. सासूबाईंनी ते रुमालात बांधून माझ्या हातात दिलं. "जाता जाता दुकानात टाक. लय शिट्ट्या माराय लागलंय." त्याच दुपारी पाहुण्यांसमोर त्या म्हणाल्या होत्या, "आमच्या बाईंस्नी कालेजातनं सवड कुठं? मला बघाय हाय कोण?" त्या आठवड्यात त्यांच्या पथ्याचं मी दोन वेळचं वेगळं रांधत होते. पाहुण्यांना मी हसून पोहे दिले. आणि संध्याकाळी रुमाल घेताना म्हटलं, "टाकते की, आई."

हा आमच्याकडचा 'की'. पुण्याचा माणूस 'करतो' म्हणतो आणि करतो, किंवा 'जमणार नाही' म्हणतो आणि करत नाही. आम्ही 'करतो की' म्हणतो. या 'की'त सगळं मावतं. 'हे काय सांगायला पाहिजे का' हेही मावतं आणि 'बघू कधी करायचं ते' हेही. 'येतो की', 'देतो की', 'बघतो की'. ऐकणाऱ्याला वाटतं दुप्पट होकार मिळाला. मेनिंजरसाहेबांच्या सैनिकांना हा 'की' मिळाला असता, तर अख्खी पलटण सुखात राहिली असती.

दुकान पोवई नाक्याजवळ. कॉलेजला जाता-येता माझी गाडी रोज तिथूनच जाते. पहिल्या दिवशी धो धो पाऊस होता, खरंच होता. दुसऱ्या दिवशी ग्रेड सेपरेटरच्या तोंडाशी गाड्या अडकल्या होत्या, खरंच. मग पेपर तपासायचे होते. मग दुकान बंद होतं. मी पोचले तेव्हा शटर अर्धं खाली होतं आणि मी हाक मारली असती तर त्यानं वर केलं असतं. प्रत्येक दिवसाचं कारण खरं आहे. कुणी उलटतपासणी घेतली तरी एकही खोटं निघणार नाही. खोटी आहे ती फक्त तेवीस दिवसांची बेरीज.

ह्यांनी दोनदा विचारलं, "टाकलंस का यंत्र?" मी दोनदा म्हटलं, "टाकते की." आपणच खिशात घालून जावं हे त्यांना दोन्ही वेळा सुचलं नाही. यालाही इंग्रजीत एखादा जोडशब्द असेल. आपल्याकडं नवरा म्हणतात.

आणि त्या तेवीस दिवसांत घर शांत होतं. हे लिहायला जड जातंय, पण होतं. मी बहिणीशी फोनवर मनमोकळं बोलत होते, स्वयंपाकघरातूनच. भाजी अळणी झाली आणि त्यावर भाष्य आलं, तरी माझं उत्तर त्यांना ऐकू जात नव्हतं, त्यामुळे संभाषण एका वाक्यात संपत होतं. हळूहळू भाष्यही येईना. सासूबाई टीव्ही लावत, आवाज वाढवत, तरी कळत नाही म्हणून बंद करत. दुपारी खिडकीशी बसून अजिंक्यताऱ्यावरचं धुकं बघत. मी कॉलेजातून येऊन ते बघायचे आणि पर्स खुंटीला लावायचे.

मुलीची हाक त्यांना ऐकूच गेली नव्हती. भाकरीचं विचारलेलंही नाही. 'येते गं आजी' दोनदा, तेही पाठीमागून. ज्या बाईनं आयुष्यभर तोंडावर बोलून दुखवलं, तिच्या नावावर नातीनं न बोलता दुखवल्याची नोंद केली; आणि केलं होतं मी.

लॅटिनमध्ये आक्रमकपणाच्या या शब्दाचं मूळ आहे पाऊल टाकणं. ग्रादी म्हणजे चालणं, त्याच्याआधी आद, म्हणजे कुणाच्या तरी दिशेनं. अंगावर चालून जाणं. आणि पॅसिव्हचं मूळ आहे पाती, सोसणं. पेशन्स आणि दवाखान्यातला पेशंट हे त्याचे सख्खे भाऊ. सोसत सोसत चालून जाणारा. पाऊल तर टाकतोय, पण दिसत नाही. हे मी वर्गात अनेकदा फळ्यावर लिहिलंय आणि दरवेळी म्हटलंय, मराठीत याला नेमका शब्द नाही.

त्या रविवारी दुपारी भांडी आवरताना मला तो आठवला. कुठं ऐकला होता, तेही.

लग्नाचं पहिलं वर्ष, शेजारच्या काकू पापड लाटायला आलेल्या. सासूबाईंनी मला सकाळी डाळ भिजवायला सांगितली होती. मी "हो आई" म्हणाले होते आणि दुपारी भिजवली होती. काकू म्हणाल्या, "सून गरीब दिसतीय हो तुमची." सासूबाई लाटणं न थांबवता म्हणाल्या, "गरीब? गोगलगाय हाय ती. पोटात पाय."

गोगलगाय अन् पोटात पाय. पाऊल आहे, दिसत नाही. प्राणिशास्त्रात गोगलगायीच्या वर्गाला गॅस्ट्रोपोडा म्हणतात, ग्रीकमध्ये गॅस्टर म्हणजे पोट आणि पूस म्हणजे पाय. म्हणजे त्या शास्त्रज्ञांनीही तेच बघितलं होतं, फक्त त्यांना सून नव्हती. मला ती म्हण तेव्हा इतकी झोंबली होती की पंचवीस-तीस वर्षं मी तिला सासूबाईंच्या टोमण्यांच्या खात्यात जमा करून ठेवलं होतं. टोमणा होताच तो. बरोबरही होता, हे खातं बघताना कधी लक्षात आलं नाही.

माझी बाजू अगदीच नाही असं मात्र मी म्हणणार नाही. त्या घरात नव्या सुनेला 'नाही' म्हणायची सोय नव्हती. सैनिकाला असते तेवढीसुद्धा नव्हती. त्याला निदान कोर्ट मार्शल मिळतं, त्यात बाजू मांडता येते. मी 'नाही'च्या जागी 'की' शिकले. पण ते शिकले तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि घराच्या कर्त्या सासूबाई होत्या. आता किल्ल्या माझ्या पर्समध्ये असतात, आणि त्याच कप्प्यात त्यांचे कानसुद्धा. वरचढ कोण, हे कधी बदललं ते मला कळलं नाही, 'की' मात्र तसाच राहिला.

सोमवारी सकाळी पहिला तास नव्हता. खालच्या रस्त्यानं नाक्यावर गेले. दुकानदारानं यंत्र हातात घेतलं, जुनी नळी काढली, नवी बसवून कापली, बारीक ब्रशनं मळ साफ केला, नारिंगी चिकटपट्टीच्या बॅटऱ्यांचं एक पान दिलं. ती पट्टी काढली की हवा आत जाते आणि बॅटरी चालू होते. काढून लगेच बसवू नका, मिनिटभर उघडी ठेवा, म्हणाला. सगळं मिळून दहा मिनिटं.

घरी येऊन सासूबाईंच्या कानात यंत्र मीच बसवलं. त्यांनी डोकं जरा तिरकं केलं. बाहेर पागोळ्या पडत होत्या, त्या ऐकल्या असाव्यात. मग कुकरची शिट्टी झाली आणि त्या दचकल्या.

"आलं का ऐकायला?" मी विचारलं.

"आलं की. किती घेतलं?"

मी सांगितलं.

त्यांनी मान हलवली. रुमालाची घडी घातली, उलगडली, परत घातली.

"मग येवढं दिस कशापायी ठिवलंवतं त्यानं?"

मुलगी दारात उभी होती, बॅग घेऊन. मी तिच्याकडं बघितलं नाही.

"गर्दी होती त्याच्याकडं," मी म्हणाले.

सासूबाईंनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं.

"व्हय?" त्या म्हणाल्या.